खडी, सुरुंग आणि खालचा झरा

या महिन्यात टपालानं आणि मोबाईलवर आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न खाणीचेच निघाले, शिराळ्याकडनं, पाटणकडनं, कडेगावकडनं, त्यामुळं बाकीचे पुढच्या अंकाला ठेवलेत, राग मानू नका. मी स्वतः कोरेगाव तालुक्यात बावीस वर्षं खाण आणि क्रशर चालवलाय, आता बंद केलाय, तेव्हा जे सांगतोय ते दोन्ही अंगांनी बघून सांगतोय. पत्र लिहिणाऱ्यांची नावं आणि गावं मुद्दाम काढलीत.

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही शिराळा तालुक्यातले. चांदोलीच्या अलीकडं आमची वडिलोपार्जित साडेचार एकर माळाची जमीन आहे, सगळा कातळ, नाचणीसुद्धा धड येत नाही. एक क्रशरवाले आलेत, म्हणतात तुमच्या नावानं खाणपट्टा काढू, खर्च सगळा आमचा, तुम्हाला ब्रासमागं पैसे. वरच्या अंगाला फॉरेस्टचं जंगल लागून आहे आणि तिथंच आमच्या देवाची राई. नॅशनल पार्कची हद्द त्यांच्या माणसानं मोबाईलवर मोजून दाखवली, अडीच किलोमीटर भरली, तर ते म्हणतात एक किलोमीटरच्या बाहेर आहे म्हणजे विषय संपला. वडील तयार आहेत, आजी अजिबात ऐकत नाही, मी मधल्या मधे अडकलोय. एक किलोमीटरचं खरं आहे का?

उत्तर : दादा, एक किलोमीटरचं खरं आहे. सुप्रीम कोर्टानं २६ एप्रिल २०२३ च्या आदेशात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या आत, आणि हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकाम चालणार नाही असं स्पष्ट म्हटलंय. पण त्या अटीत बसला नाहीत तर नापास, आणि बसलात म्हणून लगेच पास, असं नसतंय. चांदोली हे कोयना अभयारण्यासोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, २०१० ला जाहीर झालेला, त्याचं गाभा क्षेत्र सुमारे ६०० चौरस किलोमीटर आणि भोवतीचं बफर जवळजवळ ५६५, म्हणजे उद्यानाची हद्द लांब असली तरी तुमचं रान बफरात किंवा वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असू शकतं, आणि तसं असलं तर प्रकरण राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत जातं. हे मोबाईलवर मोजून कळत नाही, वनखात्याच्या विभागीय कार्यालयातनं लेखी घ्यायचं, नकाशासकट.

दुसरं, सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. १९७५ च्या कायद्यानं बऱ्याच खासगी जमिनी वन म्हणून सरकारजमा झाल्या, काहींवर अजून 'खासगी वन' अशी नोंद आहे आणि घरातल्या कुणाला ते माहीत नसतं. तशी नोंद नसली तरी जागेवर खरोखर झाडी असेल तर १२ डिसेंबर १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाप्रमाणं मालकी कुणाचीही असली तरी ते जंगलच धरतात. तिसरं, पश्चिम घाट इको सेन्सिटिव्ह एरियाचा मसुदा. २०१४ पासून तो परत परत निघतोय, ३१ जुलै २०२४ ला पुन्हा निघाला, त्याच्या यादीत तुमचं गाव आहे का ते बघा, कारण त्या मसुद्यात खाणीवर पूर्ण बंदी आहे आणि चालू असलेल्या खाणीसुद्धा अंतिम अधिसूचनेनंतर पाच वर्षांत किंवा पट्टा संपेल तेव्हा, जे आधी येईल तेव्हा, बंद करायच्या आहेत. क्रशर, पोकलेन, दोन हायवा, जनरेटर एवढं कर्ज कुणी काढणार असेल तर आधी हे वाचून काढावं.

आणि 'एवढीशी जागा आहे, पर्यावरण मंजुरी कशाला' असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा की सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालापासून पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाला, म्हणजे दगड-मुरमालासुद्धा, मंजुरी लागते, तुमची साडेचार एकर म्हणजे दोन हेक्टरसुद्धा भरत नाही, तरी लागते. पट्टा तुमच्या नावावर निघणार हेही विसरू नका. परवान्याच्या बाहेर जाऊन उचललं तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ४८ प्रमाणं बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लागतो, तो नोटीस घेऊन तलाठी तुमच्या वडिलांच्या दारात येणार, क्रशरवाल्याच्या नाही.

आता कागद बाजूला ठेवतो, कारण मला तुम्हाला खरं विचारायचंय ते वेगळंच आहे. तुमच्या माळाच्या खाली झरा कुठं आहे?

आपला डोंगर केकसारखा थरांचा आहे. लाव्हा एकावर एक पसरत गेला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, त्यामुळं वर घट्ट काळा कातळ, त्याखाली भोकाभोकाचा, हातानं फुटणारा मांजऱ्या दगड, आणि दोन लाव्ह्यांच्या मधे कुठं कुठं तांबड्या मातीचा पातळ पट्टा, तुम्ही रस्त्याच्या कापात बघितला असेल, विटेसारखा लाल. पावसाचं पाणी कातळाच्या उभ्या फटीतनं खाली जातं, भोकाच्या दगडात मुरतं, तांबड्या पट्ट्यावर येऊन अडतं, आणि मग आडवं चालत जाऊन डोंगराच्या कुशीत जिथं तो पट्टा उघडा पडतो तिथं झरा म्हणून बाहेर पडतं. राई आणि जंगल वर असतं ते उगाच नाही, त्या पालापाचोळ्यामुळं पाणी पळून न जाता मुरतं. आता याच डोंगरात, झऱ्याच्या वरच्या अंगाला तुम्ही चाळीस फूट खड्डा खणला तर काय होणार? पाणी झऱ्यापर्यंत जायच्या आधीच खड्ड्यात येणार.

हे मला पुस्तकात वाचून कळलं नाही. आमच्या खाणीत तिसऱ्या टप्प्याला नोव्हेंबर महिन्यात तळाला पाणी लागलं, भिंतीतनं तांबड्या पट्ट्याच्या वरनं बारीक धार सुरू झाली, आम्ही तर खुश झालो, क्रशरवर फवारायला फुकट पाणी, टँकरचा खर्च वाचला. मार्चमध्ये खालच्या वाडीतली एक म्हातारी ऑफिसवर आली. तिनं कळशी आणली होती, रिकामी, ती माझ्या टेबलावर बिलांच्या वर ठेवली आणि म्हणाली, "मालक, आमचं पाणी तुमच्या खड्ड्यात आलंय, तेवढं भरून द्या." भांडली नाही, ओरडली नाही. मी उठून तिच्याबरोबर खाली गेलो, टाक्यात हिरवा गाळ होता आणि कडेला दगडावर घासून घासून कळशीच्या बुडाची गोल खाच पडलेली, किती पिढ्यांनी तिथं कळशी टेकवली असेल. दोन वर्षं आम्ही खड्ड्यातनं पाइप टाकून वाडीला पाणी दिलं, पण उघड्या खड्ड्यातलं पाणी उन्हानं आटतं, तिसऱ्या उन्हाळ्यात एप्रिललाच तळ दिसला. तो झरा परत आला नाही. माझ्याकडं सगळे परवाने होते दादा, एकही कागद कमी नव्हता.

म्हणून तुम्ही असं करा. आत्तापासून एक वर्ष दर पंधरा दिवसांनी झऱ्यावर जा, पंधरा लिटरची बादली धारेखाली धरा, भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा आणि वहीत तारखेसकट लिहा. फेब्रुवारी ते मे एकही चुकवू नका. मग भूजल सर्वेक्षण विभागाच्या जिल्हा कार्यालयात ती वही घेऊन जा आणि विचारा की आमच्या जागेत खणलं तर या झऱ्याचं काय होईल. झरा तुमच्या माळाच्या खालच्या अंगाला असेल आणि उन्हाळाभर चालत असेल तर माझं मत सरळ आहे, खाण काढू नका, ब्रासमागं कितीही देऊ देत. झरा दुसऱ्या कुशीला असेल, सगळी लेखी उत्तरं तुमच्या बाजूची आली, तर मग राईपासून लांब, उथळ, आणि फेब्रुवारी ते मे सुरुंग बंद अशा अटी करारात घालूनच पुढं जा. फेब्रुवारी ते मे का, तर तेव्हा धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते, फक्त चोचीएवढी फट ठेवून, आणि नर तिला बाहेरनं भरवतो. नर बिथरून यायचा थांबला तर आत मादी आणि पिल्लं उपाशी.

आजी का ऐकत नाही ते तिला एकदा नीट बसून विचारलंत का? माझा अंदाज आहे ती पाण्याचंच काहीतरी सांगेल.

प्रश्न : दादा, मी पाटण तालुक्यातली. आमच्या घराला, शेजारच्या दोन घरांना भिंतीत तडे गेलेत, डोंगरावरच्या खाणीत दुपारी सुरुंग उडतात तेव्हा भांडी वाजतात. आम्ही तिघीजणी जाऊन बोललो तर तिथला मॅनेजर म्हणतो हा कोयनेचा भूकंप आहे, आमचा संबंध नाही. कुणाला पटवायचं आणि कसं?

उत्तर : ताई, त्या माणसाला हे उत्तर सोपं वाटतं कारण तुमच्या भागात धक्के होतातच, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना आठवत असेल. पण दोन्ही वेगळं काढता येतं आणि तुम्हीच काढू शकता. घरात भिंतीला एक वही टांगा. भांडी वाजली की घड्याळ बघून तारीख आणि वेळ लिहायची, एवढंच. भूकंप वेळ बघून येत नाही, रात्री दोनला येईल, सकाळी येईल, आणि त्याची नोंद सरकारी भूकंपमापन केंद्रात असते. सुरुंग ठरलेल्या वेळेला, जेवणाच्या सुट्टीच्या आसपास उडतो. दोन महिन्यांची वही झाली की बघणाऱ्याला काही समजवून सांगावं लागत नाही.

तड्याचं असं करा, काचेची बारीक पट्टी घ्या, काचवाल्याकडं कापून मिळते, ती तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं पीओपीनं किंवा सिमेंटनं पक्की चिकटवा, त्यावर तारीख घाला, फोटो काढा. तडा हलला तर काच फुटते, तडा जुना मेलेला असला तर तशीच राहते. हे मी मुद्दाम सांगतोय कारण काळ्या मातीवरच्या घराला उन्हाळ्यात तसेही तडे जातात, आणि तुमची तक्रार खरी असली तरी तपासायला आलेल्या माणसाला पहिल्यांदा हाच प्रश्न पडतो. काच फुटली आणि वहीत त्याच दिवशी दुपारची वेळ असेल तर मग प्रश्न उरत नाही.

आता मागायचं काय. खाणीला सुरुंगाचा हादरा मोजावा लागतो, मिलिमीटर प्रति सेकंदात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणं बाहेरच्या लोकांच्या घराशी हादरा कमी कंपनाचा असेल, म्हणजे सेकंदाला ८ कंपनांपेक्षा कमी, तर ५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, २५ पेक्षा जास्त कंपनांचा असेल तर १५ मिलिमीटरपर्यंत चालतो. जुन्या, नाजूक वास्तूला मर्यादा याहून कडक, २ पासून सुरू होते, त्यामुळं गावात जुनं देऊळ असेल तर अर्जात त्याचं नाव आवर्जून घाला. ही मोजणी तुमच्या ओट्यावर यंत्र ठेवून करा असा अर्ज तहसीलदार, जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि प्रदूषण मंडळ तिघांना द्या, पोच घ्या.

तुम्हाला एक आतली गोष्ट सांगतो. हादरा एकूण किती स्फोटक माल भरला यावर तेवढा ठरत नाही, एका क्षणाला किती माल उडाला यावर ठरतो. वीस भोकं एकदम उडवली तर डोंगर हलतो, तीच वीस भोकं पंचवीस पंचवीस मिलिसेकंदाच्या फरकानं एकामागं एक उडवली तर दगड तेवढाच फुटतो आणि तुमचं घर शांत राहतं. त्याला डिले, म्हणजे थोड्या उशिरानं उडणारे डिटोनेटर लागतात, नोनेल, म्हणजे विजेशिवाय सुरुंग पेटवायची नळी लागते, भोकं मोजून मारावी लागतात, आणि ज्याच्याकडं ब्लास्टरचा दाखला आहे असा माणूस उभा राहावा लागतो. खर्च थोडा वाढतो. म्हणजे तुमचा त्रास कमी करणं त्यांच्या हातात आहे, खाण बंद न करता. हे ग्रामसभेत बोला, माझ्या नावानं बोललात तरी चालेल.

आणि पर्यावरण मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीत द्यायची आणि तीस दिवस लावून ठेवायची असा नियम आहे, ग्रामसेवकाला विचारा कुठं आहे. अटी कशा पाळल्या याचा अहवालही वर्षातनं दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. ते दोन कागद हातात आले की मग मॅनेजरशी नाही, त्याच्या मालकाशी बोलायचं.

प्रश्न : मी कडेगाव तालुक्यात खाण चालवतो, सगळ्या मंजुऱ्या आहेत, सागरेश्वर अभयारण्यापासून नियमात बसणाऱ्या अंतरावर आहे. मला कुणाशी भांडण नको. आमच्या जुन्या, वापरात नसलेल्या कड्यावर घुबडाची मोठी जोडी येऊन बसते, पोरं म्हणतात अपशकुन आहे, उडवून लावू. काय करू? आणि अजून काय सांभाळू?

उत्तर : अजिबात उडवून लावू नका. कानावर शिंगासारखी पिसं असतील तर ते शृंगी घुबड आहे, ते घरटं बांधतच नाही, कड्याच्या कपारीत नुसत्या मातीवर अंडी घालतं, आणि जुन्या खाणीचे कडे त्याला फार आवडतात. हिवाळा ते उन्हाळ्याची सुरुवात हा त्याचा वीणीचा काळ, तेवढे महिने त्या कड्याकडं ना पोकलेन ना माणसं. उंदीर किती खातं ते आजूबाजूच्या शेतकऱ्यांना विचारा, आणि पोरांनाही त्यांच्यासमोरच विचारू द्या. घुबड मारणं, अंडी काढणं वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे हेही सांगून ठेवा, पण आधी उंदरांचं सांगा, ते जास्त पटतं.

सागरेश्वर जेमतेम ११ चौरस किलोमीटर आहे, पण ते उघड्या बोडक्या डोंगरावर माणसांनी लावून वाढवलेलं जंगल आहे, धों. म. मोहित्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं, १९८५ ला ते अभयारण्य झालं. तुमच्याकडं कुणी विचारलं की खाणीच्या जागेवर पुढं काय होऊ शकतं तर हात करून तो डोंगर दाखवा. आत्तापासून हद्दीवर झाडं लावा, पण गिरिपुष्प आणि सुबाभूळ नको, पटकन हिरवं दिसतं म्हणून सगळे तेच लावतात आणि तिथं एक पाखरू बसत नाही. बोर, खैर, चंदन, कडुनिंब, कांचन, पळस, हे तुमच्याच माळावरचं आहे.

धूळ. क्रशरच्या यंत्रापासून ४० मीटरवर हवेत घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर धूळ नको असा नियम आहे, त्यासाठी यंत्राभोवती पत्र्याचं आवरण, वाऱ्याच्या बाजूला भिंत, खडी वाहणाऱ्या पट्ट्याच्या तोंडाशी पाण्याचे फवारे आणि आतला रस्ता पक्का. बहुतेक जण फवारे लावतात आणि नोझल तुंबलं की महिनोन् महिने तसंच ठेवतात. रोज सकाळी एक माणूस नोझल उघडून बघेल एवढं केलंत तरी झाडांची पानं परत हिरवी दिसायला लागतात, मी बघितलंय. डंपरवर ताडपत्री, गावातनं जाताना वेग वीसच्या वर नाही, शाळा सुटायच्या वेळेला गाड्या थांबवायच्या.

कडा एकसंध उभा ठेवू नका, सहा मीटरपेक्षा उंच पायरी नको आणि पायरीची रुंदी उंचीएवढी तरी हवी, शेजाऱ्याच्या बांधापासून साडेसात मीटर सोडा. वर काढलेली माती आणि मुरूम ओढ्याच्या काठाला ढकलून देऊ नका. २०२१ च्या जुलैचा पाऊस आपण बघितलाय, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला काय झालं ते बघितलंय, तसल्या पावसात मुरमाचा ढीग जागेवर राहत नाही. माती वेगळी रचून ठेवा, वर गवत येऊ द्या, शेवटी खड्डा भरताना तीच लागते. आणि जो भाग संपला त्याला आजच तारेचं कुंपण घाला, पट्टा संपायची वाट बघू नका. पावसाळ्यात साठलेल्या पाण्यात पोरं पोहायला उतरतात, खालचा तळ दिसत नाही.

प्रश्न : मी खाणीत ड्रिलिंग करतो, वडारी समाजाचा आहे, वडीलही हेच करायचे, त्यांना शेवटी दम लागायचा. रुमाल बांधतो तोंडाला. पुरतो का?

उत्तर : नाही पुरत भाऊ. रुमाल मोठी धूळ अडवतो, फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ त्यातनं आरपार जाते. आपल्या काळ्या दगडात गारगोटी कमी असते त्यामुळं राजस्थानच्या वाळूच्या दगडाएवढा धोका नाही, पण वर्षानुवर्षं कोरडं ड्रिल मारलं तर छाती खराब होतेच. ड्रिलला पाण्याची नळी जोडून मारा, चिखल होतो पण धूळ उठत नाही, आणि मालकाकडं गाळणीचा मास्क मागा, बारीक धूळ अडवणारा, तो घासून झिजला की नवा. कायद्याप्रमाणं कामाला लागताना आणि नंतर ठराविक काळानं तुमची तपासणी मालकाच्या खर्चानं व्हायला पाहिजे, छातीच्या एक्सरेसकट. झाली नसेल तर आधी सरकारी दवाखान्यात जाऊन एक्सरे काढून घ्या, डॉक्टरांना मी खाणीत ड्रिल मारतो हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. तो एक्सरे घरी जपून ठेवा, ओलीत नाही, आणि पुढचा काढताना बरोबर घेऊन जा.